करंट : नदीतला आणि तारेतला



आपल्याकडं एकाच वस्तूला तीन नावं आहेत. बिल येतं ते विजेचं. घरात येते-जाते ती लाईट. आणि माणूस मरतो तो करंटानं.

आमच्या सूतगिरणीत सगळे असंच बोलतात. लाईट गेली की साचे थांबतात. वीज हा शब्द फक्त नोटीस बोर्डावर असतो, 'विजेची बचत करा'. आणि करंट म्हटलं की बोलणाऱ्याचा आवाजच बदलतो. "बॉडीत करंट उतरलाय, हात लावू नगंस." ही वाटणी कुणा पंडितानं करून दिलेली नाही. लोकांनी आपली आपण केली. जे देतं ते लाईट, जे घेतं ते करंट आणि जिचे पैसे भरायचे ती वीज. शाळेच्या पुस्तकात चौथा शब्द असतो, विद्युतप्रवाह. तो मी मास्तरांशिवाय कुणाच्या तोंडून ऐकला नाही. आणि मास्तरांनाही एकदा बोर्डाला हात लागून झटका बसला तेव्हा ते "करंट, करंट" असंच ओरडले होते.

माझी आजी मात्र अजून ईज म्हणते, आणि तिच्या तोंडी ईज म्हणजे आभाळातली. पावसाळ्याच्या तोंडाला झाडावर पडते ती. घरातल्या बल्बला ती ईज म्हणत नाही. एकदा मी तिला सांगितलं, आजे, दोन्ही एकच. ती म्हणाली, "येक कशी आसंल? तिला कोन बटान दाबतंय?"

आजीच्या या प्रश्नावरच मला लिहायचं आहे. निसर्गातला शब्द यंत्रात जातो तेव्हा बटण दाबणारा माणूस त्या शब्दात दिसतो की दिसेनासा होतो? हा प्रश्न भाषेच्या प्राध्यापकांचा नाही. तो आपला कसा आहे ते पुढं येईल.

सांगलीत रद्दीवाल्याकडून मी एक जाडजूड इंग्रजी डिक्शनरी किलोवर घेतली. तिला पुठ्ठा नाही, पण शब्द कुठून आला ते तिच्यात दिलेलं आहे. करंट हा शब्द मुळात लॅटिनमधल्या 'धावणे' या क्रियापदातून आला. तिथून तो फ्रेंचमध्ये आणि फ्रेंचमधून इंग्रजीत. वाहत्या पाण्याची ओढ म्हणजे करंट. नावाडी, कोळी, नदीकाठची माणसं हा शब्द वापरायची, आणि पाचशेहून जास्त वर्षं तो पाण्याचाच आहे. तारेतल्या विजेला तो लावला गेला अठराव्या शतकाच्या मध्याला. तेव्हा वीज म्हणजे नेमकं काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बेंजामिन फ्रँकलिनसारख्या माणसांना वाटलं, ही एक पातळ वस्तू असावी, पाण्यासारखी, जास्त असेल तिथून कमी असेल तिकडं वाहणारी. डोळ्यांना दिसत नाही अशा गोष्टीला नाव द्यायचं, तर डोळ्यांपुढचंच काहीतरी उसनं घ्यावं लागतं. त्यांनी नदी घेतली.

इलेक्ट्रिक हा शब्दही असाच रानातला. झाडाचा डिंक जमिनीत लाखो वर्षं दबून त्याचा पिवळा खडा होतो. आपल्याकडं त्याला तृणमणी म्हणतात, घासला की गवताची काडी ओढतो म्हणून. ग्रीक भाषेत या खड्याला इलेक्ट्रॉन म्हणत. त्यावरून विल्यम गिल्बर्ट नावाच्या इंग्रज वैद्यानं १६०० साली आपल्या लॅटिन पुस्तकात त्या ओढीला नाव दिलं. म्हणजे आज गिरणीच्या पॅनेल बोर्डावर कवटी काढून जो शब्द रंगवलेला असतो, तो एका झाडाच्या डिंकाचा आहे.

गंमत पुढं आहे. १८९७ साली इलेक्ट्रॉनचा शोध लागला तेव्हा कळलं की तारेतले कण फ्रँकलिननं धरलेल्या दिशेच्या उलट सरकतात. पण नकाशातला बाण कुणी फिरवला नाही. आजही आयटीआयच्या वर्गात करंटाचा बाण उलटाच काढायला शिकवतात. आणि गिरणीत, घरात जी एसी वीज असते ती तर वाहतच नाही. सेकंदाला ५० वेळा पुढं-मागं हेलकावते. कोयनेहून निघालेला एखादा कण तारेतून पळत सांगलीला येतो आणि माझा साचा फिरवतो, असं काही घडत नाही. वाहणं संपलं तरी शब्द वाहतोच आहे.

याच 'धावणे'मधून करन्सी हा शब्द आला. पैसा धावतो म्हणून करन्सी. आपलं 'चलन'ही तसंच, चालतं म्हणून चलन. बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला तो या धावणाऱ्या पैशावर, आणि पुढं १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खातं सांभाळलं तेव्हा पाटबंधारे आणि विजेचं धोरणही त्यांच्याच हातात होतं. एकाच मुळाची दोन फळं, आणि दोन्हींवर त्यांनी काम केलं. हे मला सुचलं तेव्हा रात्रपाळीला साच्यापुढं मी एकटाच हसत होतो. जॉबर म्हणाला, "काय रं, पगार वाढला का काय?"

(मराठीतला 'करंटा' वेगळा. त्याचं या करंटाशी नातं नाही. पण तार तुटून ज्याच्या अंगावर पडते त्याला गावात करंटाच म्हणतात, तेव्हा नातं जोडलंय कुणीतरी.)

असे शब्द ढिगानं आहेत. क्रेन म्हणजे लांब मानेचा, लांब पायांचा पक्षी, आपल्या सारसाच्या जातीतला. त्याच्या मानेवरून ओझं उचलणाऱ्या यंत्राचं नाव पडलं. प्लांट म्हणजे रोप. रोप जमिनीत रोवतात, तसं यंत्र पायात रोवतात, म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीस कारखान्यालाही प्लांट म्हणू लागले. साखर कारखान्यात काम करणारं आपलं पोरगं "प्लांटवर चाललोय" म्हणतं आणि त्याच कारखान्याला जाणारा नवा ऊस इंग्रजीत प्लांटच असतो. मराठीत आपण त्याला लागण म्हणतो, हे फार बरं. ढगाचा क्लाउड झाला, उंदराचा माऊस झाला. आपणही काही कमी नाही, बंदुकीच्या चापाला आपण घोडा म्हणतोच.

घोड्यावरून आठवलं. जेम्स वॉटनं आपली वाफेची इंजिनं खपवायला घोड्याची ताकद मोजली आणि हॉर्सपॉवर ठरवलं. आज विहिरीवरची मोटर पाचची का साडेसातची असं आपण विचारतो ते त्या घोड्याचं माप. घोड्याची मेहनत मोजली गेली, कारण घोडा विकत घ्यावा लागायचा, त्याला चंदी घालावी लागायची. आमच्या आज्यानं वेठीला वाहिलेल्या ओझ्यांचं माप कुणी काढलं नाही. फुकट मिळणाऱ्या ताकदीला एकक लागत नाही.

फार्म हा शब्द तर उलटाच निघाला. मला वाटलं, हा तरी मातीतला असेल. नाही. फार्म म्हणजे मुळात ठरीव खंड. खंडानं दिलेली जमीन म्हणून ती फार्म, मग कसलीही शेती ती फार्म. आणि आता पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर, आमच्याकडं ढालगावला, गुढे-पाचगणीला पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत त्याला म्हणतात विंड फार्म. वाऱ्याचं शेत! पठारावरच्या माणसाला विचारा, तो शेत म्हणत नाही. तो म्हणतो, पंखे. आणि विचारतो, खंड कुणाला मिळतो? त्याला लॅटिन येत नाही, पण शब्दाच्या मुळावर त्यानं नेमकं बोट ठेवलं.

आता कोयनेकडं येतो. नदीचा करंट आणि तारेतला करंट ही इंग्रजांना सुचलेली उपमा होती. साताऱ्यात ती उपमा राहिली नाही, खरोखर घडली.

कोयना महाबळेश्वरात उगम पावते, सह्याद्रीच्या कडेनं दक्षिणेला येते, हेळवाकला वळण घेऊन पूर्वेला निघते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. तिथून सांगली, पुढं कर्नाटक, आंध्र आणि बंगालचा उपसागर. ही तिची निसर्गातली वाट. हेळवाकजवळ धरण घातलं, १०५ टीएमसी पाणी अडवलं, डोंगरातून बोगदे काढले आणि ते पाणी पश्चिमेला वळवून पोफळीच्या भूमिगत वीजघरात दीड हजार फुटांच्या आसपास खाली आपटलं. १९६२ पासून तिथं वीज होऊ लागली. टप्प्याटप्प्यानं वाढत ती क्षमता १९६० मेगावॅट झाली. चाकं फिरवून झालेलं पाणी वाशिष्ठीला मिळतं, चिपळूणवरून अरबी समुद्रात जातं. कृष्णा पाणीवाटपाच्या लवादानं वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी पाणी असं पश्चिमेला वळवायला मुभा दिली. पूर्वेला जाणारी नदी पश्चिमेला नेली, आणि तिचा करंट पाण्यातून काढून तारेत घातला.

त्या विजेनं मुंबईच्या गिरण्या चालल्या, कारखाने उभे राहिले. मी हे नाकारत नाही. माझा साचाही त्यावरच फिरतो. पण खोऱ्यातली जी गावं शिवसागराखाली गेली त्यांना पाण्याचा करंटही उरला नाही आणि तारेतलाही पुष्कळ वर्षं मिळाला नाही. धरणग्रस्तांची नातवंडं गेल्या दशकातही कोयनानगरला ठिय्या देऊन बसलेली होती, हक्काच्या जमिनीसाठी. धरण पुरं होऊन पन्नास वर्षं उलटून गेली होती.

आणि मग भूकंप. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. साडेसहाच्या जवळपास तीव्रता, सुमारे १८० माणसं गेली, कोयनानगर जमिनीला मिळालं. जुनी माणसं आजही त्याला निसर्गाचा कोप म्हणतात. पण जगभरचे भूकंपशास्त्रज्ञ, धरणाच्या साठ्यामुळं चेतवला गेलेला भूकंप म्हटलं की पहिलं उदाहरण कोयनेचं देतात. याच अभ्यासासाठी कऱ्हाडजवळ हजारमाचीला खोल विंधनविवरांची प्रयोगशाळा केली आहे. मग तो भूकंप निसर्गाचा की यंत्राचा? खडकात ताण होताच, तो निसर्गाचा. पाण्याचा भार आणि दाब माणसानं आणून ठेवला. कोप म्हटलं की विषय देवाकडं जातो. साठा म्हटलं की तो कागदावर येतो, सही करणाऱ्यापर्यंत येतो. एक शब्द हात जोडायला लावतो, दुसरा विचारायला लावतो.

इथवर वाचून काहीजण म्हणतील, बरोबर आहे, यंत्रानं वाटोळं केलं, निसर्गच बरा. आपल्यातही आता अशी भाषा ऐकू येते. नदी आई, माती आई, जुनं ते सोनं. दोस्तांनो, जरा थांबा.

निसर्गातल्या त्या नदीला जात होती. पाण्याला नव्हती, घाटाला होती. वरच्या अंगाला वरच्यांचा पाणवठा, खालच्या अंगाला आपला. वरून वापरून आलेलं पाणी आपल्या घागरीत. ज्या दिशेला पाणी वाहतं त्या दिशेला आपली वस्ती, गावाच्या खाली. म्हणजे नदीचा करंट नुसता उतारावरून वाहत नव्हता, उतरंडीवरूनही वाहत होता. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते या दुसऱ्या उतारावर पाय रोवून.

बाबासाहेबांचं बालपण आपल्या साताऱ्यातलं. त्यांनीच लिहून ठेवलेली १९०१ च्या सुमाराची हकीकत तुम्हाला माहीत आहे, तरी पुन्हा सांगतो, कारण या विषयाला ती फार जवळची आहे. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला रोखपालाच्या कामावर होते. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून सरकार तिथं तलाव खोदत होतं. मुलं त्यांना भेटायला निघाली. सातारा ते मसूर आगगाडीनं. डब्यानं त्यांना जात विचारली नाही. चाकं फिरली, मुलं पोचली. जात विचारली स्टेशनमास्तरनं. मग बैलगाडीवाले यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं देऊन पोरांनी गाडी स्वतः हाकायची आणि गाडीवान बाजूनं चालणार, असं ठरलं. रात्रभरचा प्रवास. जवळ डबे भरलेले, आणि प्यायला पाणी कुणी देईना. पाण्याविना ते जेवण तसंच राहिलं.

आगगाडी बैलगाडीपेक्षा चांगली होती एवढंच यातून काढू नका. आगगाडीच्या दारातच तो स्टेशनमास्तर उभा होता. यंत्राला जात नसते, यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला असते. मुंबईच्या कापडगिरण्यांत तेच. माग चालवायला जातीची काय गरज? पण कांडी बदलताना धोट्याचा दोरा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा. अस्पृश्याचं तोंड लागलेल्या धोट्याला आपण तोंड कसं लावायचं, म्हणून विणाई खात्यात आपल्याला घेत नसत, आणि विणाईतच पगार जास्त. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. मागाची काही हरकत नव्हती.

पण म्हणून त्यांनी यंत्राकडं पाठ केली नाही. तलावाच्या कामावर पाण्यावाचून गेलेला तो मुलगा १९४३ साली देशाच्या वीजधोरणाच्या समितीपुढं अध्यक्ष म्हणून उभा राहिला आणि वीज स्वस्त हवी, मुबलक हवी, ती कुणाच्या मालकीची असावी हे ठरवायला हवं, असं बोलला. गांधीवादावर टीका करताना १९४५ मध्ये त्यांनी स्पष्ट लिहिलं की माणसाला जनावराच्या जिण्यातून सोडवून फुरसत देणारं यंत्रच आहे, आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. यंत्र वाईट वापरलं जात असेल तर दोष यंत्राचा नाही, समाजरचनेचा. निसर्गाकडं परत चला ही हाक ज्यांच्या वाट्याला निसर्गात सावली आली त्यांना गोड लागते.

आता या सगळ्यातली मला सर्वांत विलक्षण वाटलेली गोष्ट लिहितो.

इंग्रजांनी खऱ्या करंटाला नदीचं नाव दिलं. आपल्याकडच्या शहाण्यांनी त्याच्या हजारो वर्षं आधी एक खोटा करंट शोधून काढला होता. त्याचं नाव विटाळ. तो डोळ्यांना दिसत नाही. एका अंगातून दुसऱ्या अंगात जातो. स्पर्शानं जातो, सावलीतूनही जातो म्हणे. आणि त्याचे वाहक आणि रोधक किती बारकाईनं ठरवलेले, बघा. कोरड्या धान्यातून विटाळ जात नाही, म्हणून बलुत्याची ज्वारी खुशाल हातात पडायची. शिजवलेल्या अन्नातून जातो. पाण्यातून हमखास जातो. मातीचं भांडं तो धरून ठेवतं, म्हणून फोडायचं. पितळेचं भांडं राखेनं, आगीनं साफ होतं. पाणी वाढायचं तर हात उंच धरून वरून धार सोडायची, खाली ओंजळ. मध्ये हातभर हवा. आमच्या गिरणीतला वायरमन इन्सुलेशनची जेवढी काळजी घेत नाही तेवढी या मंडळींनी घेतली. गावभर वायरिंग केलं, फ्यूज बसवले, प्रायश्चित्तं ठेवली, आणि तारेत कधीच काही नव्हतं.

खऱ्या करंटाला हात लावला तर बामण असो मांग असो, झटका सारखाच. विटाळाचा झटका मात्र एकाच बाजूला. ज्याला शिवलं तो आंघोळ करून मोकळा, ज्यानं शिवलं त्याची पाठ फुटायची.

आणि शब्दांचा प्रवास बघायचा तर 'जात' हा शब्द बघा. जोंधळ्याची जात, आंब्याची जात, बैलाची जात. निसर्गातला, चांगला, शेतकऱ्याच्या रोजच्या उपयोगाचा शब्द. जन्मावरून ओळख. खिलार बैलाच्या पोटी खिलारच. हा शब्द उचलून माणसाला लावला. करंट निसर्गातून निघून यंत्रात गेला आणि सगळ्यांना ठाऊक राहिलं की तार माणसानं ओढली आहे, खांब माणसानं रोवला आहे. जातीचं उलट झालं. माणसानं बनवलेल्या यंत्रावर निसर्गाचा शब्द चिकटवला आणि सांगितलं की हे यंत्र नाही, हे झाड आहे, हे असंच उगवतं. इंग्रजीत प्लांट म्हटलं तर रोप की कारखाना हे पुढच्या वाक्यात कळतं. आपल्याकडं कारखान्याला रोप म्हणून पाणी घातलं जातंय.

म्हणून निसर्गातून यंत्राकडं जाणाऱ्या शब्दाची मला भीती वाटत नाही. यंत्रात जाऊनही निसर्गाचं सोंग वठवणाऱ्या शब्दाची वाटते. करंटही अधूनमधून ते सोंग घेतो, आणि ते महागात पडतं.

मराठीत 'लागणे' हे क्रियापद बघा. भूक लागते. तहान लागते. ऊन लागतं. ठेच लागते. नजर लागते. यात कुणी काही केलेलं नसतं, आपोआप होतं. याच रांगेत आपण म्हणतो, करंट लागला. 'करंट लागून मेला' हे 'ऊन लागून मेला'सारखं ऐकू येतं. आभाळातून पडलेल्या विजेसारखं. आजीचा प्रश्न इथं लावा, तिला कोण बटण दाबतंय?

मी आधी ज्या गिरणीत होतो तिथली गोष्ट आहे. गिरणीचं नाव लिहीत नाही. कार्डिंग खात्यात एका मशिनच्या बॉडीला झिणझिण्या येत होत्या. चार दिवस पोरं सांगत होती. सांगितलं की उत्तर यायचं, चप्पल घालून काम करा. पाचव्या दिवशी पावसात भिजून आलेला एक बदली कामगार, नवीनच, पेळू तुटला म्हणून वाकला आणि मशिनला चिकटला. बाविशीचा. आपल्याच वस्तीतला. कागदावर ऑफिसनं लिहिलं, 'करंट लागून अपघाती मृत्यू'.

त्या मशिनची अर्थिंगची तार तुटलेली होती. आता हा अर्थिंग शब्दही बघा, अर्थ म्हणजे इंग्रजीत माती. मशिनच्या अंगात वाट चुकून आलेला करंट मातीत नेऊन सोडायचा म्हणून ती तार. खड्ड्यात पट्टी पुरतात, मीठ-कोळसा भरतात, पाणी घालतात. मातीचा शब्द यंत्रात आलेला, आणि माणूस वाचवायला आलेला. (मराठीत त्याच उच्चाराचा अर्थ म्हणजे मीनिंग. कवीची खोड म्हणून सोडून द्या, पण मला ते दोन्ही एकदमच ऐकू येतं.) ती तार जोडायला फार तर अर्धा तास लागला असता.

आम्ही दहा-बाराजण ऑफिसात गेलो. म्हणालो, 'करंट लागून' हे शब्द काढा. साहेब म्हणाले, मग काय लागून लिहू? आमच्यातला एक फिटर, सातवी शिकलेला, म्हणाला, "ल्ह्या की, अर्थिंग तुटलेलं मशिन चार दिवस चालू ठेवलं म्हनून." साहेब म्हणाले, अर्थ एकच. फिटर म्हणाला, "एक आसंल तर ल्ह्यायला काय जातंय?"

दोन तास बसलो. शेवटी 'करंट लागून' खाली एक ओळ वाढली, 'सदर मशिनची अर्थिंग तार तुटलेली आढळली'. आढळली! कुणाला आढळली, कधीपासून तुटली होती, ते नाहीच. पण त्या एका ओळीवर पुढं नुकसानभरपाईचा कागद हलला. त्याच्या आईच्या हातात काही पैसे आले. थोडेच. पोरगं गेलं ते गेलं.

गटारात उतरणाऱ्या आपल्या माणसांचं हेच चाललंय. 'गॅस लागून मृत्यू'. गॅस हा शब्दही सतराव्या शतकात एका माणसानं घडवला, ग्रीकमधल्या गोंधळ या अर्थाच्या शब्दावरून. गटारात गॅस असतो हा निसर्ग झाला. पण २०१३ चा कायदा मनाई करत असताना विनासाधनांचा माणूस आत सोडला गेला हा गोंधळ निसर्गाचा नाही. बातमीत मात्र गॅस लागतो, माणूस गुदमरतो, ठेकेदार कुठल्याच वाक्यात कर्ता नसतो.

आम्ही लहान असताना बारा-बारा तास लाईट जायची. 'लाईट गेली' म्हणायचो, जशी चिमणी उडून गेली. पुढं पेपरात भारनियमन हा शब्द आला तेव्हा पहिल्यांदा कळलं की ती जात नाही, घालवली जाते, आणि कुठल्या फीडरची आधी घालवायची याची यादी असते. शब्द जड होता, पण त्याच्यात निदान कर्ता होता. आमचा बा सांगतो, गावात लाईट आल्यावर पुष्कळ वर्षांनी आमच्या वस्तीत खांब आला. तोवर गावाचा उजेड ओढ्यापर्यंत यायचा आणि ओढ्यावर थांबायचा. आज आमच्या घरात मीटर आहे, टीव्ही आहे, भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोला एलईडीची माळ आहे. वायर तीच, खांब तोच. पण शेवटचा खांब आमचा, म्हणून डीपी जळली की वायरमन सगळ्यात शेवटी आमच्याकडं येतो. फोन केला तर म्हणतो, "वरनंच करंट न्हाय." वरनं म्हणजे कुठनं, हे तो सांगत नाही.

अंकासाठी एक विनंती. आपापल्या कामाच्या जागी अपघात झाला की कागदावर कोणते शब्द लिहितात ते उतरून पाठवा. विट्याच्या यंत्रमागावरच्या मित्रांनी, साखर कारखान्यातल्या, कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीतल्या, नगरपालिकेच्या सफाई खात्यातल्या सगळ्यांनी. माणसाचं नाव नको, गिरणीचं नाव नको, फक्त शब्द. काय लागून, काय होऊन, काय पडून. आणि शेजारी तुमच्या खात्यातली माणसं तीच गोष्ट कशी सांगतात ते लिहा, जशी बोलतात तशीच, शुद्ध करू नका. पोस्टकार्डही चालेल.